पत्ते उघडे दाखवले असते, तरी फोल्डच

(पोकर न खेळणाऱ्यांसाठी : प्रत्येकाच्या हातात दोन पत्ते, टेबलावर सगळ्यांसाठी पाच. त्यातले पहिले तीन म्हणजे फ्लॉप, शेवटचा रिव्हर. मधल्या चिप्सचा ढीग म्हणजे पॉट. पत्ते बघायच्या आधीच सक्तीने टाकायच्या चिप्स म्हणजे ब्लाइंड आणि अँटी. स्मॉल आणि बिग ब्लाइंड ही ते भरणाऱ्यांची नावं, इथे अँटीही बिग ब्लाइंडवरचाच भरतो. बटण ही स्मॉल ब्लाइंडच्या आधीची खुर्ची. रेझ म्हणजे बोली वाढवणं, कॉल म्हणजे समोरच्याएवढं टाकणं, फोल्ड म्हणजे पत्ते टाकून देणं, ऑल-इन म्हणजे सगळ्या चिप्स लावणं.)

वाचकाचं पत्र :

"पणजीला मांडवी नदीतल्या कॅसिनोच्या जहाजावर एक छोटी पोकर टूर्नामेंट खेळलो. २७ जण होतो, प्रत्येकाला सुरुवातीला २०,००० चिप्स. प्रत्येकाचे दहा हजार बक्षिसात गेले, जहाजाची फी वेगळी. बक्षिसं तिघांनाच : १,३५,०००, ८१,००० आणि ५४,००० रुपये. तीन हात कळवतो.

पहिला. ब्लाइंड ३००-६००, बिग ब्लाइंडचा अँटी ६००. एकाने १,५०० चा रेझ केला, मी बिग ब्लाइंडवर बदामची अठ्ठी-सत्ती घेऊन कॉल केला. फ्लॉप : बदामचा राजा, बदामची चार, इस्पिकची दुर्री. त्याने उरलेले सगळे ९,००० आत ढकलले. मी धाडस केलं, कॉल केला. रिव्हरला बदाम. पॉट माझा.

दुसरा. ब्लाइंड १,०००-२,०००, अँटी २,०००. माझ्याकडे ७४,००० आणि हातात राण्यांची जोडी. मी रेझ केला, बटणवरचा ३०,००० घेऊन ऑल-इन. कॉल. त्याच्याकडे नव्व्यांची जोडी. रिव्हरला नव्वी.

तिसरा, ज्यासाठी हे पत्र. चौघे उरलो होतो. ब्लाइंड ५,०००-१०,०००, अँटी १०,०००. आधी बोलणाऱ्याकडे ४०,०००, त्याचा फोल्ड. बटणवरच्याकडे १,६०,०००, तो ऑल-इन. स्मॉल ब्लाइंडवरच्याकडे २,००,०००, त्याचाही फोल्ड. मी बिग ब्लाइंडवर, ब्लाइंड-अँटी धरून माझे १,४०,०००. हातात एक्का-गुलाम, वेगवेगळ्या रंगांचे. कॉल केला. त्याने काय दाखवावं? किलवरची राजा-सत्ती! मी पुढे होतो. रिव्हरला सत्ती पडली. चौथा नंबर, हात हलवत परत. गोव्याच्या हद्दीवरची पत्रादेवी येईपर्यंत गाडीत तोच हात डोक्यात फिरत होता. गाढवासारखं खेळणाऱ्यांना पत्ते लागतात, मला नाहीत. मी चुकलो कुठे? मित्र म्हणतात ग्रह बरे नाहीत, महिनाभर थांब."
— एक वाचक, सावंतवाडी

सावंतवाडीकर,

तीन हातांपैकी नशिबाने तुम्हाला निखळ दगा दिला तो एकाच हातात, दुसऱ्या. पहिल्यात त्याने तुमच्या पदरात टाकलं आणि तुम्ही ते धाडसाच्या खात्यावर जमा केलंत. तिसऱ्यात तुम्ही पुढे होतात हे खरं, सत्ती अगदी शेवटी पडली हेही खरं, आणि कॉल तरीही चुकीचाच. बटणवरच्याने आपली राजा-सत्ती टेबलावर उताणी टाकून "बोल आता" म्हटलं असतं, तरी फोल्ड हेच उत्तर होतं. हे पचायला जड आहे, म्हणून आधी सोपे दोन हात उरकू.

राण्यांच्या हाताबद्दल फार बोलण्यासारखं नाही. राण्यांची जोडी नव्व्यांच्या जोडीपुढे शंभरात साधारण ८० वेळा जिंकते. तुम्ही ८० च्या बाजूला होतात आणि २० पडलं. एवढंच. एक सवय मात्र सोडा. असा हात सांगताना लोक रिव्हरचा आकडा सांगतात : चार पत्ते पडले होते, न दिसलेल्या ४४ पत्त्यांत त्याच्या कामाचे दोनच, म्हणजे साडेचार टक्के! ऐकणाराही हळहळतो. पण तुमच्या चिप्स आत गेल्या तेव्हा एकही पत्ता पडलेला नव्हता. तेव्हाचा आकडा ८० होता आणि हिशेबात तोच धरायचा. साडेचारचा आकडा फक्त हळहळण्यासाठी असतो. आणि ८० टक्केही वाटतात तेवढे भक्कम नसतात. एकामागोमाग पाच वेळा असे ८० टक्क्यांचे हात खेळलात, तर पाचही टिकण्याची शक्यता ३३ टक्के. म्हणजे टूर्नामेंटभर नीट खेळणाऱ्या तिघांपैकी दोघांचा एकतरी असा हात मोडणारच.

आता पहिला हात, जो जिंकल्यामुळे तुम्ही त्याच्याकडे पुन्हा पाहिलंच नाही. पॉटमध्ये ३,९०० होते : तुमचे दीड हजार, त्याचे दीड हजार, स्मॉल ब्लाइंडचे ३०० आणि अँटीचे ६००. त्याने ९,००० टाकले, तुम्हाला ९,००० टाकायचे. सगळं धरून पॉट होतो २१,९००. ९,००० भागिले २१,९००, म्हणजे ४१ टक्के. शंभरात निदान ४१ वेळा जिंकत असाल तरच हा कॉल फिटतो. तुमच्याकडे होतं काय? चार बदाम, पाचवं पडलं की रंग, आणि न दिसलेली बदामं नऊ. दोन पत्ते यायचे असताना कामाच्या पत्त्यांना चाराने गुणायचं, ही टेबलावरची जुनी रीत : ३६. नेमका आकडा ३५. त्याच्याकडे राजाची जोडी असेल तर तुम्ही ३५-३६ वर, तिळ्या (एकाच आकड्याचे तीन पत्ते) असतील तर पंचवीसेकवर येता, कारण टेबलावरच्या पत्त्यांत जोडी पडली की त्याचा हात रंगाहून मोठा होतो आणि तुमचा रंग लागूनही बुडतो. त्याच्याकडे मोठ्या बदामांचा रंग जुळत असेल, तर तुमची बदामं तुम्हालाच बुडवणार. आणि तो ऑल-इन होता, म्हणजे रंग लागल्यावर त्याच्याकडून आणखी काही काढता येईल, हीही सबब नाही. प्रत्येक वेळी असा कॉल केलात तर सरासरी हजारभर चिप्स जातात. त्याच्याकडे ९,००० ऐवजी ३,००० च उरले असते, तर किंमत ३० टक्क्यांवर आली असती आणि हाच कॉल बिनघोर होता. पत्ते तेच, धाडस तेच. बदलते ती किंमत.

आता या दोन हातांचं नशीब एका मापाने मोजा. चिप्समध्ये नको, कारण पुढे ब्लाइंड वाढतात आणि चिप्स स्वस्त होत जातात. बिग ब्लाइंडमध्ये मोजा. पहिल्या हातात २१,९०० च्या पॉटमधला तुमचा रास्त वाटा ३६ टक्के, म्हणजे ७,९००. मिळाले सगळे. जास्तीचे १४,०००, म्हणजे २३ बिग ब्लाइंड, नशिबाने दिले. दुसऱ्या हातात पॉट ६५,०००, तुमचा वाटा ५२,०००, मिळालं शून्य. म्हणजे २६ बिग ब्लाइंड नशिबाने घेतले. २३ आले, २६ गेले. याला रात्रभर पाठीमागे लागलेलं दुर्दैव म्हणवत नाही. शिवाय नव्वीनंतर तुमच्याकडे ४४,००० उरले आणि चौघांत आलात तेव्हा १,४०,०००. तो प्रवास पत्रात नाहीच. ब्लाइंड एवढे वर गेलेले असताना तिप्पट चिप्स झाल्या, म्हणजे मध्ये कुणाची तरी चांगली जोडी बहुधा तुमच्याच हातून मोडली असेल. तो माणूसही आपल्या घरी हेच सांगत असेल.

आता तिसरा हात.

चिप्सच्या हिशेबाने तुमचा कॉल झकास दिसतो. पॉटमध्ये स्मॉल ब्लाइंडचे ५,०००, अँटीचे १०,०००, तुमचा ब्लाइंड १०,०००, आणि त्याच्या ऑल-इनपैकी तुमच्याशी भिडणारे १,३०,०००. एकूण १,५५,०००. तुम्हाला आणखी १,२०,००० टाकायचे. १,२०,००० भागिले २,७५,०००, म्हणजे ४३.६ टक्के. एक्का-गुलाम याहून कितीतरी वर. इथवर तुम्ही मनात केलेलं गणित बरोबरच असणार.

चूक अशी की जहाजाच्या काउंटरवर १,४०,००० चिप्सचे कुणी पैसे देत नाही. तिथे पैसे मिळतात नंबराचे. २७ जण बसलेले असताना हा फरक नगण्य असतो, चौघांत तिघांना बक्षीस असताना तोच सगळं ठरवतो. म्हणून चिप्सचे रुपये करून पाहावे लागतात. त्याची रूढ रीत म्हणजे आयसीएम, इंडिपेंडंट चिप मॉडेल. तिचं मूळ घोड्यांच्या शर्यतीत आहे : पहिला येण्याच्या शक्यतांवरून दुसऱ्या-तिसऱ्या नंबराच्या शक्यता कशा काढायच्या, हे डेव्हिड हार्विल यांनी १९७३ मध्ये मांडलं. पुढे मेसन मालमुथ यांनी तेच पोकरच्या चिप्सना लावलं.

कागदावर करून बघा. फोल्ड केलात तर तुमच्याकडे १,२०,०००, बटणवाल्याकडे १,८५,०००, स्मॉल ब्लाइंडकडे १,९५,०००, छोट्याकडे ४०,०००. एकूण ५,४०,०००. पहिला येण्याची शक्यता चिप्सच्या प्रमाणात : १२० भागिले ५४०, म्हणजे २२.२ टक्के. दुसरा नंबर असा काढायचा : समजा बटणवाला पहिला आला. त्याची शक्यता ३४.३ टक्के. त्याच्या चिप्स बाजूला काढल्या की उरतात ३,५५,०००, त्यात तुमच्या १,२०,०००, म्हणजे ३३.८ टक्के. दोन्हींचा गुणाकार ११.६ टक्के. असंच स्मॉल ब्लाइंड पहिला आला तर, छोटा पहिला आला तर, आणि तिन्हींची बेरीज २५.९ टक्के. तिसरा नंबर याच रीतीने, पण दोघांना बाजूला काढून : ३३.९ टक्के. आता बक्षिसांनी गुणा. ३०,००० अधिक २१,००० अधिक १८,३००. फोल्ड केल्यावर तुमच्या खुर्चीची किंमत ६९,३०० रुपये.

कॉल करून जिंकलात तर तुमच्याकडे २,७५,०००, बटणवाल्याकडे ३०,०००, बाकी दोघे तसेच. पहिला येण्याची शक्यता ५०.९ टक्के, दुसरा ३५.९, तिसरा ११.५. रुपयांत १,०४,०००. हरलात तर चौथा नंबर, शून्य.

म्हणजे खरा सौदा असा होता : हातातले ६९,३०० डावावर लावायचे, आणि जिंकलो तर ते १,०४,००० होणार. चिप्स दुपटीहून जास्त झाल्या, रुपये मात्र दीडपटच. ६९,३०० भागिले १,०४,०००, म्हणजे ६६.७ टक्के. तीनात दोन वेळा जिंकत असाल तरच कॉल.

एका रंगाच्या राजा-सत्तीपुढे एक्का-गुलाम साधारण ६० टक्के जिंकतो. म्हणजे १,०४,००० पैकी ६२,४०० तुमचे. फोल्डचे ६९,३००. पत्ते उघडे असतानाही हा कॉल तुम्हाला जवळपास सात हजारांना पडला. आणि पत्ते उघडे नव्हते. त्याच्या हातात मोठा एक्का किंवा मोठी जोडीही असू शकत होती. तो वरच्या चाळीस टक्के हातांनी ऑल-इन जात असेल असं धरा, तर तुमचा आकडा साठीच्याही खाली जातो.

"पण तो तर काहीही ढकलत होता" असं तुम्ही म्हणाल. बरं, तेही धरू. डोळे मिटून कुठलेही दोन पत्ते ढकलणाऱ्यापुढे एक्का-गुलाम ६३-६४ टक्के. सत्त्यांची जोडी ६६. वेगवेगळ्या रंगांचा एक्का-राजा ६५. हे सगळे फोल्ड! अठ्ठ्यांची जोडी ६९, तिच्यापासून वरच्या जोड्या आणि एका रंगाचा एक्का-राजा, जो ६७ वर जेमतेम काठावर बसतो. एवढेच हात कॉलचे. तो नीट निवडून ढकलत असेल तर ही यादी आणखी आखडते.

किंमत एवढी चढायची कारणं दोन. बटणवाल्याकडे तुमच्यापेक्षा जास्त चिप्स होत्या, म्हणजे हरलात की थेट बाहेर. आणि टेबलावर ४०,००० घेऊन बसलेला माणूस होता, जो आज ना उद्या तुमच्याआधी जाणार होता. आज ना उद्या कशाला, पुढच्याच हातात. तुमच्यानंतर बिग ब्लाइंड त्याच्याकडे जाणार होता : अँटी १०,०००, ब्लाइंड १०,०००, अर्धा स्टॅक, म्हणजे त्याच्या चिप्सचा अर्धा ढीग, पत्ते बघायच्या आधीच आत. आयसीएमला ब्लाइंड कुठे चालला आहे हे कळत नाही, फक्त चिप्सचे ढीग दिसतात. म्हणून फोल्डची खरी किंमत ६९,३०० हूनही थोडी वर धरायला हरकत नाही.

आता ही दोन्ही कारणं उलटी करून बघा. तोच हात, तीच खुर्ची, तोच एक्का-गुलाम. पण ऑल-इन गेला तो छोटा, ४०,००० घेऊन, आणि बाकी दोघे फोल्ड. तुम्हाला आणखी ३०,००० टाकायचे. चिप्सच्या हिशेबाने ३१.६ टक्के लागतात. रुपयांत : फोल्ड केलात तर तुमची खुर्ची ६६,०००, जिंकलात तर ९०,९००, हरलात तरी ५२,९००. गणित केलं की ३४.६ टक्के येतात. चिप्सपेक्षा तीनच टक्के जास्त. इथे एक्का-गुलामच काय, राजा-सत्ती घेऊनही कॉल करायचा. बटणवाल्यापुढे ६६.७, छोट्यापुढे ३४.६, आणि हातातले पत्ते तेच.

टेबलावर कॅल्क्युलेटर काढता येत नाही, म्हणून बक्षिसाच्या उंबरठ्यावर, म्हणजे बबलवर, पत्ते बघायच्या आधी तीन गोष्टी बघून ठेवायच्या. समोरच्याकडे माझ्यापेक्षा जास्त चिप्स आहेत का? माझ्याहून छोटं कुणी आहे का, आणि ब्लाइंड त्याच्याकडे कधी पोचतो? पैशांत यायला किती जण जायचे? समोरचा मोठा आणि कुणीतरी छोटा, अशी गाठ पडली की पॉटच्या किमतीवर वीसेक टक्के चढवा. समोरचा एवढा छोटा असेल की हरूनही तुमचं कंबरडं मोडत नाही, तर तीन ते पाच. मधल्या परिस्थितीत मधला आकडा. एक घोकून ठेवण्याजोगा आकडा म्हणजे ६५ : चौघांकडे सारख्या चिप्स, बक्षिसं ५०-३०-२० या प्रमाणात तिघांना, आणि ब्लाइंड बाजूला ठेवले, तर सगळ्या चिप्स लावून कॉल करायला ६५ टक्के लागतात. तुमच्या बक्षिसांत प्रत्येकाची खुर्ची ६७,५०० ची. दोघे भिडले की जिंकणारा १,०३,५०० वर जातो, हरणारा शून्यावर, आणि नुसते बघत बसलेले दोघे ८३,२५० वर पोचतात. दोघांच्या भांडणात तिसऱ्या-चौथ्याला प्रत्येकी पावणेसोळा हजार.

याचा उलटा अतिरेकही दिसतो. आयसीएम हा शब्द नुकताच ऐकलेला माणूस पन्नास जण उरले असतानाच पत्ते टाकत सुटतो आणि ब्लाइंडमध्ये झिजून जातो. तेव्हा पॉटचीच किंमत बघायची. दोघेच उरले की पुन्हा तेच, कारण दुसऱ्या नंबराचे पैसे दोघांचेही पक्के झालेले असतात. आणि ही सगळी चढी किंमत कॉल करणाऱ्यासाठी आहे. ऑल-इन स्वतः जाणाऱ्याला दोन वाटा असतात, समोरचा पळाला तरी पॉट त्याचा. कॉल करणाऱ्याला एकच, पत्ते जिंकले पाहिजेत. म्हणून पहिल्या नंबरासाठी धोका पत्करायचाच असेल, तर तो आपण ढकलताना पत्करायचा.

ग्रहांबद्दल. २७ जणांत तिघांना बक्षीस, म्हणजे सरासरी खेळाडू नऊ वेळा बसला तर एकदा पैशांत येतो. सलग दहा टूर्नामेंट कोरड्या जाण्याची शक्यता ३१ टक्के, सलग वीस जाण्याची साडेनऊ. ग्रहांना मध्ये न घेताच. महिनाभर थांबायला हरकत काही नाही, पण तो महिना वही भरण्यात घालवा. चिप्स आत जातात त्या प्रत्येक हाताच्या पाच नोंदी : ब्लाइंड, सगळ्यांचे स्टॅक, समोरच्याकडे कुठकुठले हात असू शकतात, किती टक्के लागत होते, किती टक्के होते. निकाल वहीत लिहायचाच नाही, किंवा पानाच्या मागे लिहायचा. नोंद ब्रेकमध्येच करा. घरी गेल्यावर "समोरच्याकडे काय असू शकतं" या रकान्यात तुम्ही त्याने जे दाखवलं तेच लिहिणार.

सरावासाठी घरचा पत्त्यांचा जोड पुरतो. एक्का-गुलाम आणि राजा-सत्ती बाजूला काढा, बाकीचे पिसून पाच पत्ते उघडा, कोण जिंकलं ते मांडा, पुन्हा पिसा. चवथीच्या जागरणात दोघांनी बसून शंभर वेळा सहज होतं. शंभरात एक्का-गुलाम बरोबर ६० वेळा जिंकेल असं समजू नका. पन्नास ते सत्तर यांच्या मध्ये कुठेही आला तरी वावगं काही नाही. शंभर हातांत एवढी गफलत होते, आणि आपण एका हातावरून निकाल लावतो. पैशांच्या ऑनलाइन पोकरवर सराव करण्याचा सल्ला कुणी दिला तर तो जुना समजा, ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्यानंतर ते दुकान बंद झालं.

कराचं तुम्ही विचारलेलं नाही, पण या हिशेबात ते येतंच. पत्त्यांच्या खेळातल्या कमाईवर सरसकट ३० टक्के प्राप्तिकर, त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे ३१.२ टक्के. हरलेल्या टूर्नामेंटच्या पैशांची वजावट नाही. तिसऱ्या हाताचं उत्तर यामुळे बदलत नाही, कारण ६९,३०० आणि १,०४,००० दोन्ही सारख्याच प्रमाणात खाली येतात. बदलतो तो टूर्नामेंटला बसायचा निर्णय. सरासरी खेळाडूला दहा हजारांमागे दहा हजारच परत मिळतात, कर गेल्यावर ६,८८०, आणि जहाजाची फी पदरची. वही भरताना हा आकडा पहिल्या पानावर लिहून ठेवा. (गोव्यातल्या रहिवाशांना १ फेब्रुवारी २०२० पासून कॅसिनोत प्रवेशबंदी आहे, त्यामुळे या विषयावरची पत्रं पत्रादेवीच्या पलीकडूनच यायची. गोव्यातल्या वाचकांनी हे गणित बिनपैशांच्या डावात करून बघावं.)

राहिला तो गाढव. त्याच्या खुर्चीतून एकदा टेबल बघा. समोर बिग ब्लाइंडवर तुम्ही, ज्याला कॉल करायला तीनात दोन वेळा जिंकावं लागतं. तुम्ही बरोबर खेळलात तर अठ्ठ्यांपासूनच्या सात जोड्या आणि एका रंगाचा एक्का-राजा, एवढ्यावरच कॉल कराल. पत्ते वाटण्याच्या १,३२६ प्रकारांपैकी असे ४६, म्हणजे साडेतीन टक्के. स्मॉल ब्लाइंडवरचाही दोन लाखांतले १,६०,००० घालवायला सहजी तयार होणार नाही. म्हणजे बहुतेक वेळा त्याला २५,००० चिप्स फुकट मिळणार होत्या आणि हातात राजा-सत्ती असली काय, दुर्री-तिर्री असली काय, फारसा फरक पडत नव्हता. ते ढकलणं त्याने हिशेबाने केलं असो की मस्तीत, तिथे ते बसत होतं. फसलं ते एका कारणाने : तुम्ही जिथे फोल्ड करायला हवा तिथे कॉल केलात. शंभरात साठ वेळा तो ३०,००० वर येऊन बसला असता, तीन बिग ब्लाइंड, आणि बाकीच्या चाळीस वेळा तुम्ही घरी. तुमच्या त्या कॉलने तुमचं नुकसान केलं आणि त्याचंही. सत्ती पडली तेव्हा टेबलावर एक माणूस काहीही न करता ५४,००० रुपये पक्के करून बसला होता. तो ४०,००० वाला. पुढच्या वेळी उंबरठ्यावर पत्ते उचलायच्या आधी त्याच्या ढिगाकडे बघा.